आधी आवाज बंद, मग इंग्रजी
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळेतली मुलं घरी मराठी, बाजारात कन्नड बोलतात. इंग्रजी गोष्टीचा व्हिडिओ लावला की नुसती चित्रं बघतात, शब्द कानावरून जातात.

१. दोन-तीन मिनिटांचीच गोष्ट घ्या. आधी आवाज बंद ठेवून दाखवा. काय घडलं ते मराठीत, कन्नडात, जमेल तसं सांगू द्या.
२. आता आवाज लावा. यूट्यूबवर वेग ०.७५ करा, प्रसंगागणिक थांबवून एकेक वाक्य म्हणून घ्या.
३. पुन्हा आवाज बंद. आता मुलं इंग्रजीत गोष्ट सांगतील, तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करा. खरी मजा इथेच! स्वतःचा आवाज ऐकायला मिळतो म्हणून तेच वाक्य चारदा म्हणतात. मधेच चूक सुधारून ‘ही गो’चं (he go) ‘ही गोज’ (he goes) करायला जाऊ नका, पोरं गप्प होतात.

आपोआप येणाऱ्या सबटायटल्सवर मात्र विसंबू नका. त्यांत चुका असतात.