मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतले, तर पालकांनी काय करावे

पुण्यात किंवा मुंबईच्या उपनगरांत हाणामारीची बातमी आली की तिच्या शेवटी ‘दोन विधिसंघर्षग्रस्त बालकांना ताब्यात घेण्यात आले’ असे एक वाक्य हमखास असते; म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली अठरा वर्षांखालील मुले. वाचणारा पुढच्या बातमीकडे वळतो; पण ज्या घरातले मूल त्या वाक्यात असते, त्या घरात रात्री अकरा वाजता नेमके काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. वकिलाकडे जायचे, नगरसेवकाला फोन करायचा, की सकाळ होण्याची वाट पाहायची, या घोळात पहिले काही तास निघून जातात, आणि मुलाच्या दृष्टीने तेच तास सर्वांत मोलाचे असतात. पुढील मार्गदर्शन बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याला धरून आहे. टोळीच्या गुन्ह्यात अडकलेल्या मुलाचा विचार त्यात मुद्दाम अधिक केला आहे.

पोलीस ठाण्यात पोहोचताच ‘बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?’ असे विचारावे. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असणे बंधनकारक आहे आणि मुलाला विनाविलंब त्याच्या किंवा विशेष बाल पोलीस पथकाच्या हवाली करावे लागते. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, कबुलीसाठी दबाव आणता येत नाही आणि त्याच्याकडून कोणत्याही जबाबावर सही घेता येत नाही. चौकशी होत असताना आईवडिलांना जवळ बसता येते. हे सर्व ठाणे अंमलदाराला शांतपणे, आवाज न चढवता सांगावे. तिथे वाद घालून काहीही पदरात पडत नाही. मुलाच्या अंगावर मारहाणीच्या खुणा असतील तर वैद्यकीय तपासणीची मागणी मात्र लेखी करावी. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे अशा मुलांची प्रकरणे ऐकणाऱ्या मंडळासमोर, उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, म्हणून ताब्यात घेतल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी.

ज्या गुन्ह्याला सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे आणि ज्यात कोणी सज्ञान साथीदार नाही, अशा प्रकरणात मुलावर सहसा प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवला जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल एवढेच होते. गुन्हा नोंदवला गेला असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांकही अशा वेळी उपयोगी पडतो.

त्याच रात्री घरातले कपाट उघडून वयाचे कागद शोधावेत. गुन्हा घडला त्या दिवशी मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली होती की नाही, एवढाच प्रश्न असतो. खटला कधी चालला याला महत्त्व नाही. कायद्याने पुराव्याचा क्रम ठरवून दिला आहे: आधी शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. अनेक पालक आधार कार्ड घेऊन येतात, पण आधार हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. शाळा बदलताना मिळालेल्या दाखल्यावरही एकट्यावर विसंबू नये. मुख्याध्यापकांना भेटून जनरल रजिस्टरमधील नोंदीवरून जन्मतारखेचा स्वतंत्र दाखला घ्यावा. शाळेत नाव घालताना वय वाढवून किंवा कमी करून सांगण्याची आपल्याकडची सवय इथे फार महागात पडते. वयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो, म्हणून तो राहून गेला असेल तरी हात टेकू नयेत.

जामिनाची तयारी

बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला असते. इथे जामीन हा नियम आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचेच असते, आणि ते नाकारण्याची कारणे तीनच आहेत: सुटका झाल्यास तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका, अथवा सुटकेमुळे न्यायाचा हेतूच विफल होणे. टोळीच्या प्रकरणात सरकारी बाजू बहुधा पहिल्या दोन कारणांवर बोट ठेवते, आणि पालक मात्र ‘माझा मुलगा तसा नाही’ एवढेच सांगत राहतात. माझ्या मते बहुतेक घरांची सर्वांत मोठी चूक हीच असते. मंडळाला मुलाच्या चांगुलपणाची ग्वाही नको असते. उद्या संध्याकाळी सात वाजता तो कुठे असेल, याचे उत्तर हवे असते.

म्हणून एक साधी लेखी योजना तयार ठेवावी. मुलगा कोणाकडे राहील, त्या घरात दिवसभर मोठे माणूस कोण असते, शाळा किंवा आयटीआय कोणते, तिथे जागा मिळाल्याचा कागद आहे का, फोन कोणाच्या ताब्यात राहील आणि ज्या मुलांसोबत तो सापडला त्यांच्यापासून अंतर कसे राखले जाईल, हे त्यात असावे. चौक तोच आणि भाई तोच राहणार असेल, तर मामा किंवा आत्याच्या गावी पाठवण्याचा विचार करावा. कायदा मुलाला ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली किंवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) निगराणीत सोडण्याची मुभा देतो. मात्र हे मंडळाला सांगून आणि त्याच्या आदेशाने करावे, परस्पर नाही, नाहीतर मुलगा पळाला असा अर्थ निघतो. जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण करता आली नाही तर ती बदलून घेण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळासमोर आणावे लागते.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यातील कल्याणीनगर येथे झालेल्या मोटार अपघातानंतर मंडळाने अल्पवयीन चालकाला निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन दिला आणि गदारोळ उडाला. पुढे त्याला निरीक्षणगृहात (चौकशी सुरू असताना मुलांना ठेवण्याच्या गृहात) ठेवण्याचे आदेश निघाले, पण जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याची सुटका केली. लोकांचा राग समजण्यासारखा होता, पण जामीन हाच नियम हे तत्त्व श्रीमंतांच्या मुलासाठी आणि वस्तीतल्या मुलासाठी एकच आहे. वस्तीतल्या घराला ते माहीत नसते, एवढाच फरक.

जामीन मिळाला नाही तर मूल निरीक्षणगृहात जाते, तुरुंगात नाही. मुंबईचे डोंगरीचे निरीक्षणगृह ज्या वास्तूत आहे, तिथे पूर्वी टिळक आणि आगरकरांनी १८८२ साली १०१ दिवस काढले तो तुरुंग होता; मुलांसाठी वेगळी व्यवस्था हवी ही कल्पना आपल्याकडे किती सावकाश रुजली याची ती खूणच म्हणायची. मुंबई प्रांताचा मुलांचा कायदा १९२४ चा. देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा १९८६ साली आला आणि त्यात मुलग्यांचे वय सोळाच होते. ते अठरावर नेले २००० च्या कायद्याने.

गुन्ह्याचा दर्जा

२०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर झालेल्या २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांबाबत एक दार उघडले. किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या ‘निर्घृण’ गुन्ह्यात मंडळ मुलाच्या मानसिक-शारीरिक क्षमतेचे आणि परिणाम समजण्याच्या कुवतीचे प्राथमिक मूल्यांकन करते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे मोठ्यांसारखा खटला चालवू शकणाऱ्या न्यायालयाकडे, पाठवू शकते. खून या वर्गात येतो. कोयत्याच्या हल्ल्यात बहुधा लागणारे खुनाच्या प्रयत्नाचे कलम मात्र सहसा येत नाही, कारण त्यात किमान शिक्षा ठरवलेली नाही. अशा गुन्ह्यांना ‘गंभीर’ मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. ‘आता मोठ्यांसारखा खटला चालणार’ असे कोणी सांगितले तर घाबरण्याआधी वकिलाला कलम आणि त्याची किमान शिक्षा विचारावी. मूल्यांकन झालेच तर मुलाला पढवून नेऊ नये. मानसतज्ज्ञ हा पोलीस नसतो आणि पाठ केलेली उत्तरे त्याला लगेच कळतात.

पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकारी सामाजिक अन्वेषण अहवाल देतो, त्यासाठी तो घरी येईल. तेव्हा घरातली दारू, भांडणे, शाळा सुटल्याचे खरे कारण लपवू नये, कारण समुपदेशन, व्यवसाय शिक्षण की विशेष गृह (निकालानंतर सुधारणेसाठी मुलांना ठेवण्याचे गृह), याचा कल बऱ्याच अंशी त्या कागदावर ठरतो. मुलाच्या हातात कोयता कोणी दिला, हेही वकिलाचा सल्ला घेऊन सांगावे. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या सज्ञान व्यक्तीला किंवा टोळीला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘तू लहान आहेस, लगेच सुटशील’ असे सांगून पोरांना पुढे करणाऱ्यावर हे कलम लावण्याची मागणी घरच्यांनी लेखी करायला हवी. भाईची भीती खरी असते. म्हणून असा अर्ज मुलाच्या सुरक्षित निवाऱ्याची सोय झाल्यावर आणि थेट मंडळासमोर द्यावा.

या सर्व काळात मुलाचे नाव, फोटो किंवा शाळा कोणी छापली अथवा समाजमाध्यमांवर टाकली, तर तो कलम ७४ खाली गुन्हा आहे. नातेवाइकांनी गटांत टाकलेले ‘आमच्या बाळ्याला न्याय द्या’ असे संदेशही त्यात येऊ शकतात. प्रकरण संपल्यावर, बाल न्यायालयाने निर्घृण गुन्ह्यात दोषी ठरवलेले मूल वगळता, त्या निकालामुळे नोकरी वा शिक्षणात कोणतीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत उलटल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. त्या खरोखर नष्ट झाल्या का, याची विचारणा मंडळाकडे लेखी करून पोच जपून ठेवावी. पोलीस भरतीच्या किंवा पासपोर्टच्या पडताळणीत ती कामी येते.