गावात दालमिल टाकायची आहे? कोणतं काम आधी, कोणतं नंतर

विदर्भातली तूर जानेवारीत घरात येते आणि बहुतेक कास्तकारांची ती उन्हाळ्याआधीच बाजार समितीत गेलेली असते. मग पुढचे आठ-दहा महिने त्याच घरात किराणा दुकानातून डाळ येते. मधला सगळा पैसा भरडणाऱ्याकडे राहतो. ही भरड गावातच व्हावी म्हणून केंद्राच्या आणि राज्याच्या योजना आहेत, त्यांत अनुदानही बरं आहे. तरी प्रकरणं अडतात. कुठे मशीन आधी विकत घेतलेलं असतं आणि मंजुरी नंतर मागितली जाते. कुठे कर्ज मिळतं, पण गिऱ्हाईक शोधायचं राहून जातं. म्हणून हा लेख कामांच्या क्रमाबद्दल आहे.

एक वेळापत्रक डोक्यात ठेवा. तूर जानेवारीत येते, तेव्हा मशीन डिसेंबरात बसलेलं हवं. म्हणजे दिवाळीच्या आसपास कर्ज मंजूर व्हायला हवं, आणि त्यासाठी जून-जुलैत पेरणी आटोपली की कागदांना लागायला हवं. मार्चमध्ये अर्ज केला तर पहिला हंगाम हातचा गेलाच समजा.

आधी हिशेब, तोही वहीत

लहान मिलमध्ये एक क्विंटल तुरीतून साधारण ७० किलो डाळ धरून चाला. चांगल्या दाण्याची, नीट वाळवलेली तूर असेल तर थोडी जास्त पडते. उरलेलं चुनी (डाळीचे बारीक तुकडे) आणि फोल (साल). चुनीला दुधाळ जनावरांच्या मालकांकडून मागणी असते, ती हिशेबात धरा.

आता भांडवल बघा. २०२५-२६ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. त्या भावाने ५० क्विंटल तूर घ्यायची म्हटली तर ४ लाख रुपये लागतात, आणि गावातल्या माणसाला ते रोख द्यावे लागतात. डाळ मात्र दुकानदार उधारीवर उचलतो. मशीन चालू आणि तूर घ्यायला पैसा नाही, ही अवस्था इथूनच येते. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या हंगामात स्वतः तूर विकत घेऊन व्यापार करू नका, भरडाई करा. लोकांची घरची तूर क्विंटलच्या दराने भरडून द्या. भांडवल अडकत नाही, हात बसतो आणि आजूबाजूच्या गावांत नाव होतं. अर्ज करण्याआधी चार-सहा गावांत फिरून कोणाकडे घरी खायला किती तूर राहते आणि सध्या ते कुठे भरडायला नेतात, एवढं विचारून या. हीच माहिती पुढे बँकेत कामी येते.

भाव वाढेल या आशेवर तूर साठवायचा मोह होईल. तुरीची आयात मे २०२१ मध्ये निर्बंधमुक्त झाली आणि ती मुदत नंतर वारंवार वाढवली गेली. जून २०२३ मध्ये तूर आणि उडदावर साठामर्यादा आली, ती मिलवाल्यांनाही लागू होती. शहरात डाळ महागली की सरकार असे निर्णय घेतं, आणि त्यांचा परिणाम अकोला-अमरावतीच्या भावावर लवकर दिसतो. लहान मिलने भावाच्या चढउतारावर कमवायचं नाही, भरडाईवर कमवायचं.

मशीन बघायला अकोल्याला जा

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान घटकासाठी तयार केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल महाराष्ट्रात माहितीची आहे. विक्रेत्याच्या पत्रकावर जाऊ नका. चालू मिल बघा आणि शक्य असेल तर आपल्याच घरची पोतंभर तूर सोबत न्या.

तिथे काय बघायचं ते सांगतो. आधी तूर चाळून एकसारखी केली जाते. मग दाणा रोलरमधून काढतात, तेव्हा सालीला नुसते ओरखडे पडले पाहिजेत, दाणा फुटता कामा नये. ओंजळीत घेऊन बघा: तुकडे दिसले तर रोलर जास्त आवळलेला आहे. ओरखडलेल्या तुरीला थोडं खाद्यतेल चोळतात, मुरू देतात, मग पाणी देऊन रात्रभर झाकून ठेवतात आणि ताडपत्रीवर कडक उन्हात वाळवतात. साल सैल होते ती या मुरवण्या-वाळवण्यात. तूर ओलसर राहिली तर साल चिकटून बसते आणि डाळ लालसर, डागाळलेली निघते. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला की समजायचं, आता मिलमध्ये घालायला हरकत नाही. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन या कामाला फार उपयोगी आहे. त्यामुळे जागा निवडताना शेडपेक्षाही वाळवणाला मोकळं, पक्कं अंगण किती आहे ते आधी मोजा.

कोटेशन निदान दोन ठिकाणांहून घ्या. त्यावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, मोटर किती एचपीची, वाहतूक आणि फिटिंग धरलेलं आहे की वेगळं, हे लिहून घ्या. पैसे मात्र अजून देऊ नका, इसारसुद्धा नाही. बँकेच्या मंजुरीआधी झालेला खर्च अनुदानात धरून घेणं अवघड जातं.

जागा आणि वीज

जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, वावरात असेल तर सातबारा. भाड्याची असेल तर नोंदणी केलेला करार करा, साध्या स्टँपवरचा बँकेत चालत नाही. ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र आत्ताच घेऊन ठेवा. वावरातल्या शेडसाठी परवानगीचं काय लागतं ते तहसील कार्यालयात विचारून घ्या.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवायची नाही. पकडलं गेलं तर विद्युत कायद्याच्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होते. महावितरणकडे औद्योगिक जोडणीचा अर्ज वेगळा करा. मंजूर भार २० किलोवॉटच्या आत ठेवता आला तर दर कमी पडतो, आणि मिनी मिलला एवढा भार पुरतो.

कागद

पहिला कागद म्हणजे उद्यम नोंदणी, लहान उद्योगांची केंद्र सरकारची नोंदणी. आधार आणि पॅन लागतं, सरकारी संकेतस्थळावर अर्ध्या तासात होते आणि पूर्ण मोफत आहे. तालुक्याला काही सेंटरवाले यासाठी पैसे घेतात, नूतनीकरणाच्या नावाने पुन्हा घेतात. या नोंदणीला नूतनीकरण नसतं. एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला घटक सूक्ष्म उद्योग धरला जातो, म्हणजे आपण त्यात सहज बसतो.

सोबत जातीचा दाखला (पुढे त्याचा पैशात उपयोग आहे), शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं सहा महिन्यांचं विवरण आणि मशीनची कोटेशनं एका फाइलीत लावा.

कोणती योजना घ्यावी

दालमिलसाठी मुख्यतः दोन दारं आहेत. एक कृषी विभागाचं, दुसरं जिल्हा उद्योग केंद्राचं किंवा खादी ग्रामोद्योग मंडळाचं.

कृषी विभागाकडची प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० पासून आहे. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, आणि स्वतःचे किमान १० टक्के. नवी मिल चालते, आणि आधीपासून असलेली गिरणी वाढवायची असेल तरीही चालते. जमिनीची किंमत धरत नाहीत. खेळत्या भांडवलावर, म्हणजे तूर खरेदीसारख्या रोजच्या खर्चाच्या पैशावर, अनुदान नाही. अर्जासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात, प्रकल्प अहवालापासून बँकेपर्यंत. त्यांचं मानधन सरकार देतं, अर्जदाराने एक रुपयाही द्यायचा नसतो. कोणी मागितला तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात सरळ सांगा.

बचत गटाच्या बायकांसाठी याच योजनेत आणखी एक सोय आहे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळतं, तेही उमेदच्या, म्हणजे बचत गटांसाठीच्या राज्याच्या अभियानाच्या, माध्यमातून गटाच्या संघाकडे येतं. तूर घ्यायला रोख कमी पडते ती अडचण यातून बरीच सुटते, म्हणून गट असेल तर आधी उमेदच्या तालुका कार्यालयात जा.

दुसरं दार म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. यात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे १० टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. आपल्याकडे कुणबी, माळी, तेली ही घरं इतर मागासवर्गात येतात, म्हणून दाखला आधीच काढून ठेवा म्हटलं. दहा लाखांवरच्या प्रकल्पाला अर्जदार आठवी पास लागतो. उद्योग नवाच हवा, आणि एका कुटुंबातून एकच अर्ज. प्रकल्प खर्चात एका फेरीचं खेळतं भांडवल धरता येतं, ही याची मोठी जमेची बाजू. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनाही याच धर्तीची आहे. तिचाही अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून जातो.

दहा लाखांच्या प्रकल्पाचं उदाहरण घ्या. इतर मागासवर्गातल्या अर्जदाराला दोन्हीकडे अनुदान साडेतीन लाखच बसतं. फरक एवढाच की कृषीच्या योजनेत घरचे एक लाख लागतात, रोजगार निर्मितीत पन्नास हजार, आणि तिथे तूर खरेदीची रक्कमही कर्जात बसवता येते. म्हणून नवी मिल, हातात पैसा कमी आणि दाखला तयार असेल तर मी रोजगार निर्मितीकडे जाईन. जुनी गिरणी आहे, तिला दालमिल जोडायची आहे, तर कृषीची योजना. एकाच मशीनवर दोन अनुदानं मिळत नाहीत, तेव्हा एकच निवडा. निवडण्याआधी दोन्ही कार्यालयांत योजनेची मुदत आणि यंदाचा जिल्ह्याचा लक्ष्यांक (किती प्रकरणं मंजूर करायची तो आकडा) शिल्लक आहे का, एवढं विचारून या.

बँक

खरी परीक्षा इथे आहे. शाखेत पहिला प्रश्न जुन्या पीककर्जाचा येतो. खातं थकीत असेल तर नूतनीकरण करून घ्या, तडजोड केलेली असेल तर बेबाकी (बाकी नसल्याचा) दाखला घ्या आणि सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, ती दुरुस्त झाली का ते बघा. हे न करता अर्ज टाकला तर तो परत येतो.

दुसरं म्हणजे प्रकल्प अहवाल. पन्नास पानांचा छापील अहवाल बहुतेकांकडे असतो आणि त्यात काय लिहिलंय ते अर्जदारालाच माहीत नसतं. व्यवस्थापक विचारतात, "चुनी कुठे विकणार? पावसाळ्यात मिल काय करेल?" याचं उत्तर तोंडपाठ हवं. पावसाळ्यात वाळवण होत नाही, तेव्हा डाळ पॅक करून विकणार, बेसन काढणार, की मिल बंद ठेवून हप्ता उन्हाळ्याच्या कमाईतून भरणार, ते ठरवून जा. हप्ते हंगामाप्रमाणे लावून मागा. आधी फिरून आणलेली गावांची यादी इथे पुढे करा.

वीस लाखांपर्यंतच्या (एप्रिल २०२६ आधी दहा लाखांपर्यंतच्या) सूक्ष्म-लघु उद्योगाच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई या सरकारी हमी निधीची पतहमी असते, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई मिळते. शेत गहाण मागितलं तर हे नम्रपणे सांगा. नकार मिळाला तर कारण लेखी मागा आणि ते घेऊन जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे जा.

मंजुरीनंतर

बँक मशीनचे पैसे थेट विक्रेत्याला पाठवते. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळ्या खात्यात तीन वर्षं राहतं आणि मिल चालू असेल, कर्ज थकलेलं नसेल तरच कर्जात वळतं होतं. साडेतीन लाख मिळाले म्हणून लग्नाची तारीख धरणाऱ्यांना हे घरात आधीच समजावून सांगा.

डाळ विकण्याआधी अन्नसुरक्षेची नोंदणी करा, उलाढाल वाढली की परवाना लागतो. वजनकाट्याला वैधमापनचा शिक्का हवा. सुटी डाळ जीएसटीमुक्त आहे. पण २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे. नुसता माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख उलाढालीची आहे. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, आपलं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन छापावाच लागतो.

पैसे अडकले तर

नागपूर-अमरावतीचा खरेदीदार डाळ उचलतो आणि मग फोन घेत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा २००६ इथे आपल्या बाजूने आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्च म्हणूनही दाखवता येत नाही. हे संरक्षण उत्पादन करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. पहिलं पोतं पाठवण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असू द्या, क्रमांक प्रत्येक बिलावर छापा, आणि माल पोचल्याची सही गाडीवाल्याकडून परत मागवा. मुदत उलटली की सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तक्रार टाकता येते, ती असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. तिथे बिल आणि पोचपावती लागते, तोंडी व्यवहार चालत नाही.