‘बेटर’ कुठे वापरायचं आणि कुठे दुसरा शब्द शोधायचा

‘मोअर बेटर’ ही चूक मराठीतूनच येते. मराठीत तुलना ‘पेक्षा’ करतो. ‘चांगलं’ हे ‘चांगलं’च राहतं आणि जोर हवा असला की त्याआधी ‘जास्त’ लागतो. इंग्रजीत ‘गुड’ आणि ‘वेल’ या दोघांचंही ‘बेटर’ होतं आणि ते ‘जास्त’ त्याच्या पोटातच असतं, त्यामुळे ‘मोअर’ फुकट जातं. ‘व्हेरी बेटर’ही चालत नाही, कारण ‘व्हेरी’ मूळ रूपाला लागतं. वजन वाढवायचं तर ‘मच बेटर’ किंवा ‘फार बेटर’ (हा इंग्रजी ‘फार’ मराठी ‘फार’च्याच जागी बसतो, लक्षात ठेवायला सोपं), थोडाच फरक असेल तर ‘स्लाइटली बेटर’. आपल्या ‘अजून चांगलं’साठी ‘ईव्हन बेटर’.

‘दॅन’च्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची वस्तू हवी. ‘द फ्रीक्वेन्सी ऑन द वेस्टर्न लाइन इज बेटर दॅन द हार्बर लाइन’ या वाक्यात एकीकडे गाड्यांची संख्या आणि दुसरीकडे अख्खी हार्बर लाइन अशी तुलना होते. ‘बेटर दॅन दॅट ऑन द हार्बर लाइन’ असं लिहिलं की हिशोब जुळतो. अनेकवचन असेल तर ‘दॅट’च्या जागी ‘दोज’.

दहावीच्या ‘डिग्री’च्या (तुलनेचं रूप बदलण्याच्या) प्रश्नात मार्क जातात ते ‘अदर’पायी. ‘मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र’ म्हटलं तर मुंबई महाराष्ट्रातच असल्यामुळे ती स्वतःपेक्षाही मोठी ठरते. म्हणून ‘एनी अदर सिटी’, आणि ‘सिटी’ एकवचनीच. गुजरातमधल्या शहरांशी तुलना असेल तर मात्र ‘अदर’ येता कामा नये.

आता समानार्थी शब्द. ‘बेटर’ला पर्याय शोधण्याआधी ‘कशात बेटर?’ हे स्वतःला विचारावं. बहुतेक वेळा त्या प्रश्नाचं उत्तर हाच योग्य शब्द असतो. सोसायटीच्या कमिटीने लिफ्टच्या एएमसीसाठी (वार्षिक देखभाल करारासाठी) दोन कोटेशन मागवली आणि इतिवृत्तात ‘द सेकंड कोटेशन इज बेटर’ एवढंच लिहिलं, तर पुढच्या सभेत कोणीतरी उठून कारण विचारणारच. स्वस्त आहे? मग ‘चीपर’, आणि किती रुपयांनी तेही लिहा. सुटे भाग त्यात धरलेत? मग ‘मोअर कॉम्प्रिहेन्सिव्ह’. बिघाड झाल्यावर माणूस लवकर येतो? ‘फास्टर रिस्पॉन्स टाइम’. अंधेरीहून घाटकोपरला जायला मेट्रो ‘बेटर’ म्हणण्यापेक्षा ‘मोअर डायरेक्ट’ म्हटलेलं नेमकं, कारण दादरला गाडी बदलावी लागत नाही हा तिचा खरा फायदा आहे.

थेट पर्याय हवेच असतील तर थोडं जपून. ‘सुपीरियर’ हा दर्जासाठी, टेंडर किंवा तांत्रिक अहवालात शोभतो. माणसाबद्दल वापरला तर शिष्टपणाचा वास येतो. ‘प्रेफरेबल’ निवडीसाठी. ‘इम्प्रूव्हड’ म्हणजे स्वतःच्याच आधीच्या स्थितीपेक्षा सुधारलेलं, त्यामुळे दोन वेगळ्या वस्तूंची तुलना त्याने होत नाही. ‘मोअर सूटेबल’पुढे ‘फॉर’ लावून कोणासाठी ते सांगायचं. ‘एन्हान्स्ड’ जाहिरातवाल्यांना सोडून द्यावा.

यातल्या ‘सुपीरियर’ आणि ‘प्रेफरेबल’पुढे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतं. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘इन्फीरियर’, ‘प्रायर’ हेही त्याच वळणाचे. लॅटिनमधून येताना तुलना सोबत घेऊन आलेत, म्हणून त्यांनाही ‘मोअर’ नको. ऑफिसात सर्रास ऐकू येणारं ‘ही इज सीनियर दॅन मी’ चुकीचं, ‘सीनियर टू मी’ बरोबर. बँकेच्या परीक्षांत चूक ओळखायला हे हमखास देतात. ‘प्रिफर’चंही तेच: ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. मात्र ‘प्रिफर टू’नंतर क्रियापद आलं की पुढे ‘रादर दॅन’ घ्यावं लागतं: ‘आय प्रिफर टू टेक द ट्रेन रादर दॅन ड्राइव्ह’.

सर्वात जास्त घोटाळा ‘हॅड बेटर’चा. ‘आता निघालेलं बरं’ याचं इंग्रजी ‘यू हॅड बेटर लीव्ह नाऊ’. इथला ‘हॅड’ भूतकाळाचा नाही. पुढे क्रियापद कोरं येतं, ‘टू लीव्ह’ नाही आणि ‘लीव्हिंग’ही नाही. नकार ‘हॅड बेटर नॉट लीव्ह’ असा. बोलताना ‘आयड बेटर’ होतं, आणि तो ‘ड’ ‘हॅड’चा असतो, ‘वुड’चा नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘आय बेटर गो’ खपतं. मेलमध्ये आणि परीक्षेत पूर्ण लिहावं.

पण रचना बरोबर आली म्हणून काम झालं असं नाही. मराठी ‘बरं’ मवाळ आहे, वडीलधाऱ्यांनाही ‘तुम्ही आज आराम केलेला बरा’ म्हणता येतं. इंग्रजी ‘हॅड बेटर’मध्ये ‘नाहीतर बघा’ दडलेलं असतं. ‘सर, यू हॅड बेटर साइन द फाइल टुडे’ हे साहेबांना धमकीसारखं लागेल. तिथे ‘इट वुड बी बेटर टू साइन इट टुडे, अ‍ॅज टुमॉरो इज द लास्ट डेट’ असं कारणासकट लिहावं, किंवा सरळ ‘कुड यू प्लीज साइन’. ‘रोज व्यायाम करावा’ अशा सर्वसाधारण सल्ल्यालाही ‘हॅड बेटर’ नको, तिथे ‘शुड’. ‘हॅड बेटर’ आत्ताच्या, समोरच्या प्रसंगापुरतं.

आजारपणातलं ‘बरं’ वेगळं. ‘बरं वाटतंय का?’ला ‘आर यू फीलिंग बेटर?’, ‘फीलिंग गुड?’ विचारलं तर आजाराचा संदर्भच जातो. ‘ही इज बेटर’चे अर्थ दोन: उतार पडलाय, किंवा पूर्ण बरा झालाय. रजा संपवून कामावर रुजू होण्याच्या अर्जात हा गोंधळ नको, तिथे ‘फुली रिकव्हर्ड’ लिहा.

दोघांतलं चांगलं निवडताना ‘द’ लागतं: ‘द बेटर ऑफ द टू’. तीन किंवा जास्त झाले की ‘द बेस्ट’. ‘कम्पॅरेटिव्हली बेटर’ द्विरुक्ती आहे, एक काहीतरी उडवा: ‘कम्पॅरेटिव्हली गुड’ किंवा नुसतं ‘बेटर’. आणि ‘द सूनर द बेटर’ मित्राला चालेल. क्लायंटच्या मेलमध्ये ते घाई केल्यासारखं वाटतं आणि कधीपर्यंत हेही कळत नाही, तिथे तारीखच लिहा.