अभाव दाखवणारी इंग्रजी विशेषणं : या चुका टाळा

प्रोजेक्ट रिपोर्ट हातात आला की मी आधी ऋणनिर्देश वाचते. एका मुलीनं तिथे गाइडचे आभार मानताना लिहिलं होतं, 'व्हॅल्यूलेस गायडन्स'. तिला म्हणायचं होतं अमूल्य मार्गदर्शन. माझ्याकडे आली तोवर सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग झालं होतं, एक प्रत सरांच्या टेबलावर पोहोचली होती. बिचारी रडकुंडीला आली.

तिनं हिशेब सरळ मांडला होता : 'अ' म्हणजे नाही, मूल्य म्हणजे व्हॅल्यू. पण ज्याचं मोल करता येत नाही ते अमूल्य, आणि व्हॅल्यूलेस म्हणजे कवडीमोलाचं. अमूल्यसाठी इनव्हॅल्युएबल किंवा प्राइसलेस. प्राइस आणि व्हॅल्यू एकमेकांच्या इतके जवळचे, तरी 'लेस' लागलं की दोघांची तोंडं दोन दिशांना. म्हणून तुकडे जोडून विशेषण बनवू नका. मी नव्या शब्दाचा अर्थ नाही, डिक्शनरीतलं आख्खं वाक्य वहीत उतरवते. परीक्षेच्या आदल्या रात्री समानार्थी शब्दांच्या याद्या घोकणं मला मुळीच मान्य नाही. असले घोळ त्यातूनच होतात.

दुसरी चूक, 'लेस' म्हणजे कमी असं धरून चालणं. साखर कमी हवी तर 'लेस शुगर' म्हणा. 'शुगरलेस'मध्ये साखर नसतेच. मागे जोडलेलं 'लेस' जुन्या इंग्रजीतल्या 'विरहित' अर्थाच्या शब्दापासून आलंय. कमी या अर्थाचं सुटं 'लेस' वेगळ्या मुळाचं.

एखादी गोष्ट नाही हे बरंच आहे, असं सुचवायचं असेल तिथे बहुतेकदा 'फ्री' येतं : टॅक्स-फ्री, पेन-फ्री. केअरफ्री म्हणजे निश्चिंत, केअरलेस म्हणजे निष्काळजी; मुलाखतीत स्वतःला केअरलेस म्हणवून घेणारे मी ऐकलेत. चाइल्डलेस आणि चाइल्ड-फ्री यांत तर फार जपा. दुसरा शब्द ठरवून मूल न होऊ देणाऱ्यांचा. ज्यांना मूल हवं होतं त्यांना तो लावलात, तर जखमेवर मीठ.

'डिव्हॉइड' म्हणजे एखादी गोष्ट अजिबात नसलेलं. ते नामाआधी येत नाही, त्याच्यापुढे 'ऑफ' हवंच.

'रिकामं'साठीही एकच शब्द सगळीकडे चालत नाही : डबा एम्प्टी, कागद ब्लँक, नोकरीतलं पद व्हेकंट.

मदत न करणारा क्लार्क अनहेल्पफुल. हेल्पलेस म्हणजे असहाय, म्हणून तक्रारअर्जात हा शब्द त्याच्यासाठी वापरू नका.