नाशिकला निघायच्या आदल्या संध्याकाळी

भाच्याने लाल रंगाची, मागे स्पॉयलर असलेली हॅचबॅक घेतली आणि दिवाळीला इंदूरहून नाशिकला तिनेच जायचं ठरवलं. सुरक्षेचे पाच तारे तो येता-जाता ऐकवतो. तारे खरेच आहेत, पण ते देणाऱ्या भारत एनसीएपी या सरकारी धडक-चाचणीत समोरची धडक देतात ती ताशी ६४ किलोमीटरने. एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गावर, काटा १०० वर गेला की धडकेतली ऊर्जा जवळजवळ अडीचपट होते. म्हणून आदल्या संध्याकाळी त्याला गाडीत बसवून तयारी करून घेतली. तुम्हीही अशी गाडी घेऊन लांब निघणार असाल तर बघा.

आधी सीट. आमचे भाचेसाहेब आरामखुर्चीत रेलल्यासारखे बसले होते. पाठ सरळ करा, हात लांबवल्यावर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टीअरिंगमध्ये साधारण २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि फार जवळ बसलेल्याला तीच जखमी करते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाला आणा, नाहीतर मागून ठोकर बसल्यावर मान झटक्याने मागे जाते. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर.

मग मागची सीट, आणि इथेच खरा घोळ निघाला. नवं रेक्झिनचं कव्हर चढवताना दुकानदाराने मधल्या बेल्टचं बक्कल आतच गाडून टाकलं होतं. चमच्याच्या दांड्याने उकरून बाहेर काढलं. पुढच्या सीटच्या बाजूला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी असते, तीही त्याच कव्हरखाली. बाजूची एअरबॅग तिथूनच शिवण फाडून बाहेर येते, म्हणून पुढची कव्हरं उतरवली. भाचा हळहळला, हळहळू दे. समोर लोखंडी गार्डही लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर बंदी आणली, कारण धडकेचा मार त्यामुळे नको तिथे जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचंही गणित चुकतं.

लहान मूल असेल तर आयसोफिक्सची, म्हणजे गाडीतल्या खास कड्यांना थेट अडकणारी, मुलांची सीट मागेच लावा. मागे तोंड करून बसणारं बाळ एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नको.

टायरची हवा गाडी थंड असतानाच भरा, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेला असतो. या गाड्यांचे टायर पातळ कडेचे, खड्ड्यात आपटले की बाजूला फुगा येतो, तो हात फिरवून शोधा. मोकळ्या मैदानात एकदा जोरात ब्रेक दाबून एबीएसची, म्हणजे चाकं जाम न होऊ देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेची, थरथर पायाला कळू द्या. ती जाणवली की घाबरून पाय उचलू नका, दाबून धरा आणि स्टीअरिंग वळवा. वाटेतल्या मानपूर आणि पुढे बिजासन घाटाच्या उतारावर खालचा गिअर ठेवा, ब्रेक तापवत बसू नका.

सामान डिकीच्या तळाशी, जड ते मागच्या सीटला टेकवून. मागच्या काचेखालच्या फळीवर काही नको. ताई मात्र चकल्यांचा स्टीलचा डबा मांडीवरून सोडेना. शेवटी डबा डिकीत गेला आणि चकल्या पिशवीत घालून तिच्या मांडीवर.