तांबड्या जमिनीचा सामू सावरताना (माझा अनुभव)

राजापूर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात पावसात भात आणि मग लगोलग मिरची, कलिंगड. वर्षानुवर्षं युरिया आणि पॉवर टिलरची नांगरट, शेणखत नावापुरतं. मिरचीची वाढ खुंटली. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. खत वाढवूनही फरक पडेना, तेव्हा माती तपासून घेतली. सामू (pH, जितका कमी तितकी माती आम्ल) 5 च्या खाली, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, शेणखतातून येणारा कार्बन) तळाला.

जांभ्यापासून बनलेल्या या मातीत अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद मुळातच कमी. जी काही असते ती बरीचशी सेंद्रिय पदार्थांमुळे. ते संपले की कोकणातला 3000 मि.मी.च्या आसपासचा पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) धुऊन नेतो. युरियामुळे आम्लता वाढते. सामू 5.5 खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळं आखडतात, आणि स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो, पिकाला मिळत नाही. म्हणून नुसतं खत ओतणं म्हणजे पैसा मातीत घालणं, असं माझं ठाम मत आहे.

आधी डोलोमाइट चुना (कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही असलेला), अहवालातल्या मात्रेनुसार, लागवडीच्या बऱ्याच आधी मातीत मिसळला. चुना आणि युरिया एकत्र कधीच टाकू नका, नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जातो. मग हिरवळीचं खत म्हणून ताग पेरून फुलोऱ्याआधी मातीत गाडला. बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) पाला दर हंगामात घालतो. नांगरट कमी केली, वाफ्यांवर पेंढ्याचं आच्छादन ठेवलं. आम्ल जमिनीत रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी) हळूहळू विरघळतं, तेही कंपोस्टमध्ये मुरवून दिलं.

मिरची पुढच्याच हंगामात सुधारली. कर्ब मात्र फार सावकाश चढतोय. माती तपासणी चालूच ठेवली आहे, कारण पाऊस चुनाही धुऊन नेतो.