रोगप्रतिकारशास्त्रज्ञाची कारकीर्द कशी अभ्यासायची

दरवर्षी एमएस्सीच्या मुलांना मी एक काम देते: एक रोगप्रतिकारशास्त्रज्ञ निवडा आणि त्याच्या संशोधनाने नेमकं काय बदललं ते दोन पानांत मांडा. पहिल्या खेपेला बहुतेक वह्यांत तेच असतं, एच-इंडेक्स (किती निबंधांना किती संदर्भ मिळाले त्यावरून काढलेला आकडा), एकूण सायटेशन (इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले संदर्भ), पारितोषिकांची यादी. मी त्या परत करते. ज्या प्रश्नामागे माणसाने आयुष्य घातलं तो प्रश्नच वहीत नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जपानी रोगप्रतिकारशास्त्रज्ञ शिमोन सकागुची यांचं उदाहरण घेऊन सांगते. 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर मिळालं.

आधी नावाचा घोळ निस्तरा. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर नुसतं 'सकागुची एस' टाकलंत तर प्रायॉन या रोगकारक प्रथिनांवर काम करणारे वेगळेच सकागुची त्याच यादीत येतात. नावाला विषयाचा शब्द आणि संस्था जोडा. त्यांच्या 1995 च्या निबंधावर तर 'सकागुची एस'च्या शेजारीच 'सकागुची एन' आहे. त्या नोरिको, त्यांच्या पत्नी आणि सहकारी. यादी निवडून घेतल्याशिवाय कुठलाही आकडा वहीत उतरवू नका.

मग प्रश्न कुठून आला ते शोधा. इथे मात्र घाई करू नका. सुरुवातीच्या निबंधांचे संदर्भ धरून मागे गेलात की 1969 पर्यंत पोचता. जपानमध्येच निशिझुका आणि साकाकुरा यांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लांचा थायमस (छातीतली एक ग्रंथी) काढला होता. टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, घडतात त्या थायमसमध्ये. तो काढला तर प्रतिकारशक्ती दुबळी पडावी. पण माद्यांची अंडाशयं खराब झाली, आणि पुढे कळलं की शरीर स्वतःवरच उलटलं होतं. सातव्या दिवशी थायमस काढला तर असं होत नव्हतं. मधल्या चार दिवसांत थायमसमधून असं काय बाहेर पडतं, जे बाकीच्या पेशींना आवर घालतं? सकागुची या प्रश्नाला चिकटून राहिले.

त्या काळाची हवाही वहीत यायला हवी. 'सप्रेसर टी-पेशी', म्हणजे इतर प्रतिकारपेशींना दाबून ठेवणाऱ्या टी-पेशी, ही कल्पना 1980 च्या दशकात बदनाम झाली आणि बहुतेकांनी तो विषय सोडला. अशा वर्षांत एखाद्याचा सायटेशनचा आलेख सपाट दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नका.

आता कळीचा निबंध स्वतः वाचा, नुसता सारांश नको. 1995 चा हा निबंध 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'त आला, 'नेचर'मध्ये नाही. प्रयोग असा: उंदराच्या सीडी4 पेशींमधून (टी-पेशींचा एक प्रकार) पृष्ठभागावर सीडी25 हे चिन्ह असलेल्या पेशी वगळल्या आणि उरलेल्या, स्वतःच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या. त्यांच्या थायरॉइडवर, जठरावर हल्ला झाला. वगळलेल्या पेशी वेळेत परत दिल्या तर आजार टळला. काढून पाहिलं, परत घालून पाहिलं. नियामक, म्हणजे बाकीच्यांना आवर घालणाऱ्या, टी-पेशींचा शोध इथे हाताशी लागतो.

त्यानंतर इतरांनी त्याचं काय केलं ते बघा. ब्रंको आणि रॅम्सडेल वेगळ्याच वाटेने, 'स्कर्फी' नावाच्या आजारी उंदरांवरून, 2001 मध्ये फॉक्सपी3 जनुकापर्यंत पोचले. 2003 मध्ये सकागुचींच्या आणि इतर गटांनी दाखवलं की याच पेशींची घडण ते जनुक ठरवतं. दोन धागे जिथे जुळले, तिथे थांबून लिहा.

सायटेशन मोजायचंच असेल तर वीस निबंध उघडा आणि नाव कुठल्या वाक्यात आलंय ते पाहा: पद्धत उचलली, दावा तपासला, की प्रस्तावनेत नुसता उल्लेख केला? आढावा-लेख वेगळे काढा, त्यांना सायटेशन भरपूर मिळतात. शिवाय काही कामं इतकी मुरतात की संदर्भ देणंच थांबतं. 'टी-पेशी'तला 'टी' थायमसचा. थायमसचं काम जॅक मिलर यांनी 1961 मध्ये दाखवलं, पण आज टी-पेशी लिहिताना त्यांचा संदर्भ क्वचितच कोणी देतं.

यंदा एका मुलीने दुसऱ्या खेपेला आणलेल्या वहीत पहिल्याच पानावर उंदराची दोन पिल्लं काढली होती. एकाखाली 'दिवस 3', दुसऱ्याखाली 'दिवस 7'. एच-इंडेक्स शेवटच्या पानावर, एका ओळीत होता. ती वही मी मागून ठेवून घेतली आहे.